चेंबर नंबर तीनने माझ्या लॅपटॉपवर विश्वास ठेवला तेव्हा

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या तापमान-नियंत्रणाचे काम गेले काही हंगाम माझ्याकडे आहे. माझा मूळ व्यवसाय नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचा. पण पॅनेलला जशी नेटवर्कची वायर जोडली जाऊ लागली तसे नेटवर्कही शिकणे भाग पडले. या पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंगच्या खोल्यांशिवाय कोल्ड स्टोरेजचे चार चेंबर आहेत. प्रत्येक चेंबरच्या दाराशेजारच्या पॅनेलमध्ये एक छोटा गेटवे बसवलेला असून तो आतले तापमान आणि आर्द्रता दर मिनिटाला सर्व्हरकडे पाठवतो, आणि सर्व्हरकडून आलेला सेट पॉइंट, म्हणजे किती अंशांवर थांबायचे तो आकडा, कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरला देतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी हा आकडा शून्य ते एक अंशाच्या दरम्यान ठेवतात.

ऐन हंगामात, फेब्रुवारी महिन्यात, मी तिथे एक नवा गेटवे तपासायला गेलो होतो. खऱ्या सर्व्हरला धक्का लागू नये म्हणून मी लॅपटॉपवरच एक तात्पुरता सर्व्हर चालू केला, पॅकहाऊसच्या राउटरमध्ये सर्व्हरच्या नावापुढे माझ्या लॅपटॉपचा पत्ता लिहिला आणि राउटर रीस्टार्ट केला. चाचणीसाठी सेट पॉइंट चार अंश असा टाकून ठेवला होता. एवढे करून मी बाहेर टपरीवर चहा प्यायला गेलो.

राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाल्यावर एकट्या नव्या गेटवेने नव्हे, तर चारही जुन्या गेटवेंनी सर्व्हरचे नाव पुन्हा विचारले, राउटरने सांगितलेल्या पत्त्यावर ते गेले आणि माझ्या लॅपटॉपला बिनदिक्कत जोडले गेले. आम्ही वापरतो त्या एमक्यूटीटी या यंत्रांमधल्या संदेशांच्या पद्धतीत ‘रिटेन’ केलेला शेवटचा संदेश सर्व्हर सांभाळून ठेवतो आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो लगेच देतो. त्यानुसार चौघांनाही चार अंशांचा हुकूम मिळाला आणि चारही कॉम्प्रेसर थांबले. मी परत आलो तेव्हा सुपरवायझर चेंबर नंबर तीनच्या दारावरच्या डिस्प्लेसमोर उभे होते. तिथे दोन पूर्णांक चार दिसत होते. सुदैवाने फळाच्या गाभ्याचे तापमान फारसे हललेले नव्हते. पण गार मण्यांवर उबदार हवेतला ओलावा बसला की द्राक्षांना घाम सुटतो, आणि पेटीतल्या सल्फरच्या पॅडला जास्त ओल मिळाली की त्यातून गरजेपेक्षा जास्त वायू सुटून मणी फिके पडतात. पॅकहाऊसच्या मालकांना, ज्यांना सगळे नाना म्हणतात, हे सारे सांगताना माझ्या घशाला कोरड पडली होती.

लॅपटॉपवरचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडली तेव्हा त्यात चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत गेटवेचे नाव होते आणि प्रत्येक गेटवेने आपला पासवर्ड माझ्या त्या तात्पुरत्या सर्व्हरच्या स्वाधीन केलेला होता. चौघांचा पासवर्ड एकच होता, हा आणखी एक नमुना.

ही जोडणी उघडी नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तिच्यावर टीएलएस, म्हणजे जोडणी सुरक्षित करणारी पद्धत होती, संदेश सांकेतिक रूपातच जात होते. मात्र सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या ओळखीचा डिजिटल दाखला, तपासण्याची सोय गेटवेमध्ये बंद करून ठेवलेली होती. ती कोणी बंद केली, तर मीच. पहिल्या वर्षी बसवणीच्या घाईत प्रमाणपत्राची काहीतरी तक्रार येत होती, ती येऊ नये म्हणून मी पडताळणीची एक ओळ बदलली आणि ‘नंतर बघू’ म्हणून विसरलो. या क्षेत्रात ही ओळ बदललेली नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. परिणाम असा, की गेटवे ज्याच्याशी बोलत होता त्याच्याशी अगदी गुप्तपणे बोलत होता, परंतु तो कोण आहे हे त्याने एकदाही विचारले नव्हते. अनोळखी माणसाशी कानात कुजबुजले म्हणून तो ओळखीचा होत नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न आपण बहुतेक वेळा एकाच बाजूने मांडतो. आत येणाऱ्याने आपण कोण ते सिद्ध करावे, म्हणजे झाले, असे आपण धरून चालतो. सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला नाव लिहायला लावतो, पण हा खरोखरच वॉचमन आहे का, असे पाहुणा विचारत नाही. मोबाइलच्या जगात याची किंमत मोजून झालेली आहे. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल झाला, त्या काळच्या जीएसएम पद्धतीत टॉवरकडून सिम कार्डाला १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा दिला जाई, सिम आपल्या पोटातली गुप्त किल्ली वापरून त्याचे ३२ बिटांचे उत्तर देई, आणि ते जुळले की ग्राहक खरा ठरे. टॉवर खरा आहे की नाही हे तपासण्याचा मार्ग मात्र फोनकडे नव्हता. त्यामुळे थोडे सामान जमवून खोटा टॉवर उभा करणाऱ्याला फोन आपणहून येऊन मिळत. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यात ही चूक दुरुस्त झाली. तिथे नेटवर्क आव्हानासोबत स्वतःची एक खूणही पाठवते, तीत सिमकडे असलेल्या त्याच किल्लीने बनवलेला ठसा आणि एक वाढता क्रमांक असतो. ठसा चुकला किंवा क्रमांक जुना निघाला तर सिम उत्तर देण्याचेच नाकारते. माझे गेटवे त्या जुन्या जीएसएम फोनसारखे वागले होते.

त्या प्रसंगानंतर मी सगळे मोडून दोन्ही बाजूंनी ओळख पटवणारी टीएलएसची पद्धत बसवली. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत आरएफसी ८४४६ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ मध्ये ती अशी चालते. गेटवे आधी किल्ल्यांची एक तात्पुरती, त्या भेटीपुरती जोडी बनवतो, तिच्यातली सर्वांना दाखवता येणारी सार्वजनिक किल्ली पाठवतो आणि खासगी किल्ली स्वतःकडेच ठेवतो. सर्व्हर स्वतःची तशीच तात्पुरती किल्ली देतो, आणि दोघांच्या मिळून एक सामायिक गुपित तयार होते. इथून पुढचे सारे बोलणे सांकेतिक. मग सर्व्हर ‘तुझे प्रमाणपत्र दाखव’ असे गेटवेला सांगतो, आपलेही दाखवतो आणि आतापर्यंत झालेल्या संपूर्ण संभाषणावर त्या प्रमाणपत्राच्या जोडीच्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो. गेटवे ती स्वाक्षरी, प्रमाणपत्रावरचे नाव, मुदत आणि ते कोणी दिले हे सगळे तपासतो, आणि पटले तरच स्वतःचे प्रमाणपत्र व स्वतःची स्वाक्षरी पुढे करतो. खासगी किल्ली कोणीही कोणाला देत नाही. ती आपल्याकडे आहे एवढेच स्वाक्षरीतून सिद्ध होते. पासवर्डाचे तसे नाही, कारण तो सिद्ध करायचा तर द्यावाच लागतो. जुन्या टीएलएस १.२ मध्ये गेटवेचे प्रमाणपत्र उघडे जात असे. पॅकहाऊसचे नाव त्यावर लिहिलेले असल्याने मला हा बदल फार मोलाचा वाटला.

स्वाक्षरी साऱ्या संभाषणावर का घ्यायची, नुसत्या एका आकड्यावर का नाही, याचे उत्तर एका जुन्या चुकीत आहे. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये दोन यंत्रांनी सार्वजनिक किल्ल्यांच्या साहाय्याने एकमेकांची ओळख कशी पटवावी याची तीन संदेशांची एक रीत मांडली. ‘अ’ने आपले नाव आणि एक आकडा ‘ब’च्या किल्लीने बंद करून पाठवायचा, ‘ब’ने तो आकडा स्वतःच्या एका आकड्यासह ‘अ’च्या किल्लीने बंद करून परत द्यायचा, ‘अ’ने ‘ब’चा आकडा परत करून व्यवहार पुरा करायचा. वाचून कोणालाही हे पक्के वाटावे, आणि सतरा वर्षे ते तसेच वाटत राहिले. १९९५ मध्ये गॅविन लो यांनी दाखवले की ‘अ’ने एखाद्या लबाड ‘क’शी प्रामाणिकपणे बोलणे सुरू केले, तर ‘क’ तेच संदेश पुढे सरकवून ‘ब’ला आपण ‘अ’ आहोत असे पटवू शकतो. कोणतीही किल्ली फोडावी लागत नाही. दुरुस्तीही तेवढीच छोटी: दुसऱ्या संदेशात ‘ब’ने आपले नाव घालायचे. म्हणजे ‘मी उत्तर देतो आहे’ एवढे पुरेसे नाही; ‘मी, अमुक, तुला, याच बोलण्यात उत्तर देतो आहे’ असे म्हणावे लागते.

ही गोष्ट मी वाचली होती, तरी पॅकहाऊसमध्ये मी तिचीच धाकटी बहीण जन्माला घातली. सगळी प्रमाणपत्रे मी स्वतःच्या प्रमाणपत्र-संस्थेमार्फत, म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटी किंवा सीएमार्फत, देत होतो. ‘माझी सीए आहे’ असे मी नानांना सांगितले तेव्हा त्यांना वाटले की मी हिशेबनीस बदलला. प्रत्यक्षात ती म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवलेला, नेटला कधीही न जोडलेला एक जुना लॅपटॉप. गेटवेंना मी सांगून ठेवले होते की या सीएच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र असेल त्यावर विश्वास ठेवा. मग एका दुपारी शंका आली म्हणून मी चेंबर दोनच्या गेटवेचे प्रमाणपत्र आणि किल्ली घेऊन त्यांवर लॅपटॉपमध्ये एक खोटा सर्व्हर उभा केला. चेंबर तीन त्याला मुकाट्याने जोडला गेला! स्वाक्षरी खरी होती, सीए खरी होती. फक्त दाखवणारा सर्व्हर नसून शेजारचा गेटवे होता. नाव जुळते का, आणि हे प्रमाणपत्र सर्व्हर म्हणून वापरायला दिलेले आहे की ग्राहक म्हणून, या दोन तपासण्या मी घातल्याच नव्हत्या. प्रमाणपत्रात वापराचा उद्देश लिहिण्याची स्वतंत्र जागा असते, ती मी रिकामी ठेवली होती. आता गेटवेच्या प्रमाणपत्रावर फक्त ग्राहकाचा शिक्का आहे आणि गेटवे नाव अक्षरन्‌अक्षर तपासतो.

सर्व्हरच्या बाजूलाही याच जातीची एक ढिलाई असते. ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. चेंबर तीनने स्वतःला चेंबर तीन म्हणून सिद्ध केले, तर त्याला चेंबर तीनचेच तापमान लिहिता यावे आणि चेंबर तीनचाच सेट पॉइंट वाचता यावा. सेट पॉइंट लिहिण्याचा अधिकार कोणत्याच गेटवेला नाही. हे लिहायला दहा ओळी लागल्या.

खरा त्रास किल्ल्या सांभाळण्यात आहे. या नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी मी किल्ल्या लॅपटॉपवर बनवून पेन ड्राइव्हवरून गेटवेमध्ये टाकत होतो, आणि एकदा तर माझ्या मुलाने घाईत एक किल्ली कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, ज्यात फॅब्रिकेशनवाला, रंगारी आणि दोन ट्रान्सपोर्टवाले होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्याला एवढाच काय तो फरक, की या मंडळींपैकी कोणी चोर नव्हता. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचे आपल्याकडे काय होते हे ई-टेंडर भरणाऱ्या कोणालाही विचारा. किल्ली टोकनच्या बाहेर येऊच नये अशी त्याची रचना असते, आणि ते टोकन मात्र पिन लिहिलेली चिठ्ठी चिकटवून दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असते. आता माझ्या गेटवेंमध्ये किल्लीसाठी नखाएवढी स्वतंत्र चिप आहे. किल्ली तिच्यातच जन्मते, बाहेर येते ती फक्त सार्वजनिक अर्धी, आणि तिच्यावर सीएची स्वाक्षरी घेऊन प्रमाणपत्र परत जाते. मेमरी कार्डाची नक्कल काढून दुसऱ्या गेटवेत घातली तर तो गप्प बसतो, कारण त्याच्याकडे ती चिप नसते.

एवढे झाल्यावर मी निर्धास्त होतो. पुढच्या मार्चमध्ये एका वादळी संध्याकाळी वीज गेली, जनरेटरही रुसला, आणि दीड तासाने सगळे पुन्हा चालू झाल्यावर चेंबर एकचा गेटवे सर्व्हरला जोडला जाईना. नेटवर्क ठीक, किल्ली ठीक, प्रमाणपत्राची मुदत संपायला आठ महिने. लॉगमध्ये संदेश होता की सर्व्हरचे प्रमाणपत्र अद्याप वैध झालेले नाही. हे वाक्य मी तीनदा वाचले. मग गेटवेची तारीख पाहिली: १ जानेवारी १९७०. घड्याळाला वीज पुरवणारा बटणासारखा सेल संपला होता, आणि लिनक्स जिथून वेळ मोजायला सुरुवात करते तिथे गेटवे जाऊन बसला होता. त्याच्या दृष्टीने सर्व्हरचे प्रमाणपत्र अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर सुरू होणार होते, आणि त्याने ते नाकारले हे अगदी बरोबर केले.

सेल तीस रुपयांचा, तो बदलला. परंतु प्रश्न त्याने सुटत नाही, कारण ओळख तपासायला वेळ माहीत असावी लागते, आणि वेळ कोणाला तरी विचारायची तर त्याचीही ओळख पटलेली असावी लागते. एनटीपी या नेटवरून वेळ विचारण्याच्या साध्या पद्धतीने मिळणारी वेळ कोणीही खोटी सांगू शकतो. मुदत संपलेले, चोरीला गेलेले जुने प्रमाणपत्र चालवून घ्यायचे असेल तर गेटवेचे घड्याळ मागे सरकवणे हा सोपा उपाय आहे. वेळेसाठी सुरक्षित पद्धत म्हणून २०२० मध्ये एनटीएस आले, पण तेही टीएलएसवरच उभे आहे, आणि त्याला पुन्हा तारीख लागतेच.

वाट सापडली ती पासपोर्टात. आपले पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, त्यामुळे पासपोर्टाविषयी काही दिसले की नाशिककर थोडे जास्तच लक्ष देऊन वाचतो. चिप असलेल्या पासपोर्टांत बोटांचे ठसे वाचू देण्याआधी दोन्ही बाजूंची ओळख पटवण्याची एक व्यवस्था युरोपातल्या देशांनी स्वीकारलेली आहे: चिप आपण अस्सल असल्याचे सिद्ध करते, आणि वाचणाऱ्या यंत्रालाही आपल्याला ठसे वाचण्याचा अधिकार असल्याचे चिपपुढे सिद्ध करावे लागते. पण पासपोर्टात बॅटरी नाही, घड्याळ नाही; यंत्राच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की नाही हे चिपला कसे कळावे? उपाय असा, की भरवशाच्या प्रमाणपत्रांवरची देण्याची तारीख चिप पाहते, आणि ती आपल्याकडच्या तारखेपेक्षा नवी असेल तर तीच आजची तारीख म्हणून लिहून ठेवते. तारीख थोडी मागे राहील, पण उलट कधीच जाणार नाही. मी हेच केले. गेटवे दर तासाला वेळ स्वतःच्या मेमरीत लिहितो, चालू झाल्यावर घड्याळ त्यापेक्षा मागे दिसले तर लिहिलेली वेळ धरतो, आणि नेटवरून आलेली वेळ या रेषेच्या मागची असेल तर स्वीकारत नाही.

प्रमाणपत्राची मुदत किती ठेवावी याविषयी माझे मत सध्याच्या वाऱ्याच्या थोडे विरुद्ध आहे. सार्वजनिक वेबसाइटांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, आणि जिथे नूतनीकरण आपोआप होते तिथे हे योग्यच आहे. पण द्राक्षाचे पॅकहाऊस मे महिन्यात बंद होते ते थेट डिसेंबर-जानेवारीत उघडते. मधले सात महिने पॅनेलची मेन स्विच खाली असते. ४७ दिवसांचे प्रमाणपत्र तिथे पहिल्या पावसातच संपेल, आणि संपलेल्या प्रमाणपत्राने नवे मागायला जोडलेही जाता येणार नाही. म्हणून प्रत्येक गेटवेला आता दोन प्रमाणपत्रे आहेत. एक जन्मदाखल्यासारखे, ज्याला मुदत नाही. प्रमाणपत्राच्या नियमांत ‘निश्चित अंत नाही’ यासाठी ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख लिहायची सोय आहे, तीच मी वापरली. त्याने फक्त एकच दार उघडते, दुसरे प्रमाणपत्र मागण्याचे. रोजच्या कामाचे ते दुसरे एका वर्षाचे. एखादा गेटवे चोरीला गेला तर त्याचा जन्मदाखला मी यादीतून खोडतो, म्हणजे त्याला ते एक दारही बंद. नानांना ही व्यवस्था लगेच समजली. ‘शाळा सोडल्याचा दाखला कायमचा, रेशन कार्ड मात्र दर वेळी नवं, असंच ना?’ असे ते म्हणाले, आणि मला त्याहून नेमके सांगता आले नसते.

या जानेवारीत हंगाम उघडला तेव्हा चारही गेटवे पहिल्याच मिनिटात उठले, जन्मदाखला दाखवून नवी प्रमाणपत्रे घेतली आणि आकडे पाठवू लागले. रात्री चेंबर तीनच्या पंख्याचा वेग बदलायचा होता, म्हणून मी नवा लॅपटॉप जोडून गेटवेचे देखभालीचे पान उघडले. ते उघडेना. या पानालाही आता प्रमाणपत्र लागते, आणि माझे प्रमाणपत्र असलेले टोकन अंबडला टेबलाच्या खणात होते. निफाडची थंडी, कानटोपी घातलेले सुपरवायझर, आणि शेजारी शाल पांघरून उभे असलेले नाना.

‘भाऊ, तुमचंच मशीन तुम्हाला ओळखत नाही का?’

मी गाडी काढली. चेंबर तीनच्या लॉगमध्ये त्या रात्रीची नोंद अशी आहे: २२:१४, सर्टिफिकेट रिक्वायर्ड, जोडणी बंद. त्याखालची ओळ ००:३१ची.